विलबांचा डावा हात

बोरीबंदरच्या फलाटावर हमालाने पेटीला हात घातला आणि विल्बरसाहेबांनी ती झटक्यात स्वतःकडे ओढून घेतली. गोल, काळी, कातडी पट्ट्याची पेटी. आत त्यांचा ड्रम होता. मी म्हटलं, गर्दी फार आहे, निदान माझ्याकडे तरी द्या. ते म्हणाले, "डिगी, ही मी शिकागोत कुणाला दिली नाही, शांघायमध्ये दिली नाही. तुझ्याकडेही देणार नाही." माझं नाव दिगंबर. त्याचं डिगी त्यांनीच केलं होतं, आणि साठीच्या माणसाशी नावावरून काय वाद घालायचा, म्हणून मी ते चालवून घेतलं होतं.

काळजी करणं हा माझा जोडधंदा आहे. मुख्य धंदा म्हणजे मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलातल्या बँडसाठी कागद उतरवून देणं. पियानोवाला एक गत बसवायचा आणि मी ती सात वादकांसाठी सात कागदांवर लिहून काढायचो. हा बँड जॅझ वाजवायचा. आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगतो, जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. त्यातलं थोडं कागदावर असतं आणि पुष्कळसं वाजवणाऱ्याच्या मनात. त्यातला ड्रमर म्हणजे आपला तबलजीच समजा. फरक इतकाच, की तो दोन हातांबरोबर दोन्ही पायही कामाला लावतो. विल्बरसाहेब आमचे ड्रमर होते आणि बँडही त्यांच्याच नावावर चालायचा.

आता काळजीचं कारण. गेले दोन महिने त्यांचा डावा हात मागं राहू लागला होता. रोज नाही, सारखा नाही, पण मध्येच एखादा ठोका यायचाच नाही. बँडमधल्या कुणी त्याचा उच्चार केला नाही. दारूबंदी आल्यापासून हॉटेलातली नाचाची गर्दी आधीच ओसरली होती. येत्या सोमवारी नव्या हंगामाच्या करारावर सही व्हायची होती. सही केली आणि भर हंगामात हात थांबला, तर सातही जणांना बाहेरचा रस्ता. सही नाही केली, तर बँड मोडणार, साहेब आगबोटीने पंचवीस वर्षांनी मायदेशी जाणार, आणि कागद उतरवणाऱ्या दिगंबराला कुणी विचारणार नाही.

त्यांनी मला खोलीत बोलावून सांगितलं होतं, "मला अशा गावी ने, जिथं मला कुणी ओळखत नाही. मी तिथं वाजवीन. तू माझ्या डाव्या बाजूला उभा राहा आणि हात कुठं सुटतो ते मला खरं खरं सांग. माझे कान आता माझ्याच हाताला सामील झालेत." मी लगेच कोल्हापूरला माझ्या मेहुण्यांना, म्हणजे दाजींना पत्र टाकलं, की जॅझ वाजवणारे एक अमेरिकन गृहस्थ, विल्बर नावाचे, माझ्याबरोबर दोन दिवस येत आहेत, जाड भिंतीची एखादी निवांत खोली बघून ठेवा. पत्र पेटीत टाकलं तेव्हापासून आपलं काहीतरी चुकलंय असं मला वाटत होतं. पण तसं मला प्रत्येक पत्रानंतर वाटतं.

पुण्याला गाडी बदलायची होती. इथून पुढे लहान रुळांची गाडी. फलाट बदलायला पूल चढावा लागतो. साहेबांनी पेटी उजव्या हातात घेतली आणि अठ्ठावीस पायऱ्या एका दमात चढले. मी मागून पायऱ्या मोजत होतो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

डब्यात त्यांनी मला आपली कहाणी सांगितली. मिसिसिपी नदीच्या काठच्या एका गावात जन्म, बाप लाकडाच्या वखारीत. गावात कुणी वारलं की बँड लावून मिरवणुकीने दफनाला न्यायची पद्धत होती. दहाव्या वर्षी विल्बर त्या मिरवणुकीत ताशा वाजवायला लागला. पुढे नदीतल्या बोटींवर, मग शिकागोच्या नाचघरांत. तिथं बँड दाराशी आला की गोरे पाहुणे पुढच्या दाराने आणि वाजवणारे मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून. "पंधरा वर्षं मी माझ्याच कार्यक्रमाला कांद्याच्या पोत्यांमधून गेलो," ते म्हणाले. मग कुणीतरी म्हणालं, शांघायला चल. तिथून कलकत्ता, तिथून मुंबई. बायको शिकागोतच राहिली आणि काही वर्षांनी तिची पत्रं थांबली. हे सगळं सांगताना त्यांची बोटं गुडघ्यांवर ताल धरून होती. उजव्याची पडायची, डाव्याची पडायची. मी गोष्ट ऐकत होतो की बोटं, देव जाणे. भिलवडीच्या आसपास डावी बोटं एकदा पडलीच नाहीत, आणि त्यांचं वाक्य मात्र तसंच पुढे गेलं.

उजाडता उजाडता मिरज गेलं. दोन्ही बाजूंना उभा ऊस आणि मधूनमधून गुऱ्हाळांचा धूर. काहिलीतल्या रसाचा गोड वास डब्यात आला तसे साहेब खिडकीत सरकले. म्हणाले, माझ्या मामाकडे असाच वास यायचा, त्याचीही उसाची कढई होती. मला जरा बरं वाटलं. पंचगंगेचा पूल गेला, कोल्हापूर आलं, आणि मी खिडकीतून फलाटाकडे पाहिलं.

फलाटावर पंचवीस-तीस माणसं उभी होती. गुलाबी फेट्यांतली. हलगी कडकडत होती. पुढे दाजी, आणि त्यांच्या शेजारी अंगापिंडाने दरवाजाएवढे एक गृहस्थ हातात हार घेऊन. मागे दोन पैलवानांनी धरलेल्या फळ्यावर रंगाने लिहिलेलं: अमेरिकेचे प्रसिद्ध झांजवादक श्री. विलबा यांचे स्वागत असो.

दाजी शाळेत मराठी शिकवतात. तीस वर्षं मुलांचं शुद्धलेखन तपासून त्यांना सवयच लागली आहे. माझ्या पत्रात 'जॅझ' वाचून त्यांनी मान हलवली, लाल शाई घेतली आणि दुरुस्ती केली: झांज. 'ध' चा 'मा' करून इतिहासात माणूस मेला. इथं माझ्या मेहुण्यांनी शुद्धलेखनापायी माझा जीव टांगणीला लावला. बोर्डरंगाऱ्याने विल्बरचं विलबा केलं, कारण जोतिबा, विठोबा, तसा विलबा हे त्याला सरळ वाटलं. आणि दाजींचे मित्र, ते दरवाजाएवढे गृहस्थ, म्हणजे पेठेतल्या तालमीचे वस्ताद. त्यांच्या तालमीचा आखाडा नव्याने बांधून झाला होता आणि दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, मारुतीची पालखी पेठेतून फिरून आखाड्यात यायची होती. पुढे झांजपथक, आणि त्यात आता अमेरिकेचा पाहुणा.

साहेब हार घालून उभे होते आणि हसून सगळ्यांना नमस्कार करत होते. मला कुजबुजून म्हणाले, "तू तर म्हणालास इथं मला कुणी ओळखत नाही." मी म्हटलं, थोडा घोटाळा झालाय. "किती थोडा?" मी फळ्याकडे पाहिलं आणि टांगा बघायला निघालो.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या घरी, मंगळवार पेठेत, आधी जेवण झालं. तिने मटण केलं होतं, तांबडा आणि पांढरा रस्सा (पांढरा रस्सा म्हणजे नारळाच्या दुधातला, दिसायला गरीब आणि पोटात गेल्यावर तसाच). तांबड्याचा रंग बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं, की पाहुणा आजारी पडणार. पाहुण्याने तीन वाट्या ओरपल्या, नाक पुसलं आणि आक्काला सांगायला लावलं की आईनंतर असं कुणी रांधलं नाही. आक्का पदराआड हसली. मी मात्र खाली मान घालून वाक्यं जुळवत होतो, कारण घोटाळ्याचा खुलासा अजून व्हायचा होता.

संध्याकाळी तालमीत गेलो. ताक, तेल, हळद घालून मळलेली लाल माती, तिचा आंबूस वास. मी वस्तादांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजे झांज न्हाय? मग काय वाजवत्यात?" मी म्हटलं, ताशासारखं एक असतं. "मग ताशेवालं म्हणायचं की पावणं, त्यात एवढा घाम कशापायी?" आणि विषय संपला. मी दुपारची झोप मोडून दोन तास जुळवलेली वाक्यं तशीच राहिली.

पण साहेबांना झांज बघायची होती. एकाने आणून दिली. त्यांनी हातात तोलली, एकमेकीवर हलकेच आपटली आणि त्यांचा चेहरा खुलला. आमच्या ड्रमच्या संचात अशाच दोन झांजा असतात, एकीवर एक, काठीवर बसवलेल्या, आणि त्या पायाने दाबून वाजवायच्या असतात. ते त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी झांज जमिनीवर ठेवली आणि बूट काढलेला डावा पाय तिच्यावर उचलला.

जोर काढणारे पैलवान उठून उभे राहिले. मारुतीसमोर वाजणाऱ्या वाद्याला पाय. मी ओरडलो की नुसता हात पुढे केला ते आठवत नाही. साहेबांचा पाय हवेतच थांबला. त्यांनी भोवतालचे चेहरे पाहिले, पाय मागे घेतला, खाली वाकून झांज उचलली आणि कपाळाला लावली. दुपारी दाजींच्या पायाचा चुकून पुस्तकाला धक्का लागला होता तेव्हा दाजींनी तसं केलेलं त्यांनी पाहिलं असणार. वस्तादांनी सुस्कारा सोडला. "माणूस शिकलेला हाय," ते म्हणाले.

परत येताना मी साहेबांना म्हटलं, उद्याची मिरवणूक टाळू, तब्येतीचं कारण सांगू, खोलीत दार लावून वाजवा. मी ऐकतो. ते म्हणाले, "खोली माणसाची खुशामत करते. रस्ता करत नाही. मी रस्त्यावरच शिकलो. तू डाव्या बाजूला चाल आणि मोज." मी हो म्हटलं. हे हो म्हणताना माझ्या मनात सोमवारची सही होती, आणि त्या सहीखाली न दिसणारं माझं पोट होतं, हे आज लिहायला हरकत नाही.

शनिवारी सकाळी दाजी आम्हाला गंगावेशीत दूध प्यायला घेऊन गेले. तिथं रस्त्यातच म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसासकट पेला हातात देतात. साहेबांनी पेला डाव्या हातात घेतला. मुद्दाम घेतला असावा. वरचा फेस आधी नुसता हलला, मग काठावरून ओघळून त्यांच्या मनगटावर आला. गवळी म्हणाला, "थंडी वाजतीया पावण्यास्नी." मी घाईने म्हटलं, हो, मुंबईची सवय ना. साहेबांनी पेला उजव्या हातात घेऊन संपवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी तातोबा आले. फलाटावर हलगी वाजवत होते ते हेच. सत्तरीचे, वाळलेले, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्यांना पाहुण्याचा ताशा बघायचा होता. आक्काने चहा केला. आम्हाला सोप्यात बशांमधून, आणि तातोबांना बाहेर पायरीवर, कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कान तुटक्या कपातून. साहेबांनी विचारलं, ते बाहेर का बसलेत? मी म्हटलं, त्यांना मोकळी हवा आवडते. साहेबांनी तो कप पाहिला, कोनाडा पाहिला आणि म्हणाले, "कांद्याची पोती." मग आपली बशी घेऊन उठले आणि पायरीवर तातोबांशेजारी जाऊन बसले. मला लाज वाटली. आक्कालाही वाटली असावी, कारण दुसऱ्यांदा चहा आला तेव्हा सगळे कप एकसारखे होते. त्याबद्दल घरात नंतर काय झालं ते मला माहीत नाही.

त्या दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि मी भाषांतर करायला सरसावलो की दोघंही मला गप्प बसवत. तातोबांनी ड्रमच्या कातड्यावर बोट फिरवलं आणि नापसंतीने मान हलवली. हवेने ते सैल पडलं होतं. त्यांनी अंगणात उसाचं पाचट पेटवलं, आपली हलगी शेकली आणि पाहुण्याला खूण केली, की तुमचंही आणा. माझा जीव खालीवर झाला. ते कातडं आता मिळत नव्हतं, परदेशातून मागवायचं तर सहा महिने. पण साहेब उठलेच. जाळापासून हातभर लांब ड्रम धरून फिरवत राहिले, मधूनच नखाने टिचकी मारत, आणि म्हणाले, लहानपणी आम्ही चर्चच्या शेगडीपाशी असंच करायचो. आवाज हळूहळू वर चढला. तातोबा म्हणाले, "आता बोललं बघा."

चार वाजता पालखी निघाली. वस्तादांनी एक कोरा फेटा आणून साहेबांच्या खांद्यावरून तिरपा बांधला आणि त्यात ड्रम अडकवला. पुढे तातोबांची हलगी आणि पाहुणा, मागे तीस झांजांचं पथक, त्यामागे पालखी. मी डाव्या बाजूला.

सुरुवातीला सगळं छान चाललं. पथकाची लय त्यांनी दहा पावलांत उचलली आणि तिच्या पोटात आपले बारीक ठोके घालायला लागले. लोक माड्यांवरून वाकून बघत होते. बायका पालखीवर लाह्या, फुलं टाकत होत्या, त्यातल्या निम्म्या साहेबांच्या टोपीवर पडत होत्या. मी कुणाकडेच पाहत नव्हतो. मी एक मनगट पाहत होतो. त्या मनगटाने माझी, माझ्या खोलीच्या भाड्याची आणि सात कुटुंबांची दोरी धरली होती.

पहिला ठोका सुटला तो कासाराच्या दुकानासमोर. काठी खाली आली आणि कातड्याच्या बोटभर वर थांबली. मी एक मोजला. पण आवाजात खाच पडली नाही. मला वाटलं, माझ्या नजरेची चूक. विहिरीपाशी दुसरा, तेव्हाही नाही. तिसऱ्या वेळी मी काठी सोडून आजूबाजूला पाहिलं, आणि मला तातोबा दिसले. ते केव्हा सरकून साहेबांच्या दुसऱ्या बाजूला आले होते कुणास ठाऊक. त्यांचा एक चांगला डोळा त्याच मनगटावर होता. काठी अडखळली की नेमक्या त्याच जागी त्यांची बारीक छडी हलगीवर पडत होती. त्यात कुठे दिखावा नव्हता. मिरवणूक ऐकणाऱ्या हजार माणसांना एक ठोकाही कमी पडला नाही.

मागे वळून पाहिलं तर पालखीचे भोईही बदलत होते. एकाने मान तिरकी केली, दुसरा दांड्याखाली शिरला, पहिला बाजूला झाला. पालखी चालतच होती.

आखाड्यापाशी पोचेपर्यंत माझे आठ झाले होते. वस्तादांनी साहेबांना फेटा बांधला, गूळ-खोबरं दिलं. ते घामाने भिजले होते आणि लहान मुलासारखे खूश दिसत होते. गर्दीतून त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी मान डोलवली, की सगळं उत्तम. त्या एका डोलवण्याची मला अजून लाज वाटते.

रविवारी सकाळी स्टेशनवर दाजी, वस्ताद आणि तातोबा आले होते. गाडी सुटायच्या आधी तातोबांनी मला खिडकीशी बोलावलं. म्हणाले, "पावण्यांना सांगा, डावा हात थकलाय तेंचा. आठ डाव मागं राहिला. मी भरलं, पण ते चुकलं म्हणून न्हाय. पालखीचा खांदा दुखला म्हणून माणूस पालखी खाली ठेवतोय व्हय? खांदा बदलतोय. तसंच हाय हे. लाज धरू नका म्हणावं."

आठ. म्हणजे त्यांनीही मोजले होते. साहेब माझ्याकडे वाट बघत होते. मी इंग्रजीत म्हटलं, "ते म्हणतात, पुन्हा या."

गाडी सुटली. ऊस मागे पळायला लागला. जयसिंगपूरला साहेबांनी मांडीवरची पेटी उतरवून बाकावर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "किती सुटले?"

"एकही नाही."

"डिगी," ते म्हणाले, "'पुन्हा या' म्हणायला त्या म्हाताऱ्याला इतके शब्द लागत असतील, तर तुमची भाषा फार कठीण दिसते."

डब्यात कोपऱ्यात एक बाई बाळाला थोपटत होती, बाकी कुणी नव्हतं, आणि पुणं यायला दिवस पडला होता. मी सांगितलं. आठ सुटले, तातोबांनी आठही भरले, आणि ते काय म्हणाले ते शब्दाला शब्द. 'खांदा' या शब्दाशी मी अडलो आणि तो मराठीतच म्हटला. पालखीला खांदा देतात तसा माणूस वारल्यावर तिरडीलाही देतात. साहेबांनी ते बरोबर हेरलं. "अजून काय आहे त्या शब्दात?" मी तेही सांगितलं.

ते चिडले, पण ज्यावर चिडतील असं मला वाटलं होतं त्यावर नाही. "मी तुला तुझ्या कानांसाठी आणलं होतं. माझ्यावर दया करायला नाही."

"दया नव्हती," मी म्हटलं. "मला माझ्या नोकरीची भीती वाटली."

ते मोठ्याने हसले, इतके की बाळ दचकलं. म्हणाले, हे बरं झालं, दया असती तर मी मिरजेला डबा बदलला असता. मग त्यांनी मला त्यांच्या गावच्या मिरवणुकीतली एक गोष्ट सांगितली. ड्रमच्या खालच्या अंगाला तारा असतात. त्याच ठोक्याला कडकडाट आणतात. मढं घेऊन जाताना वाजवणारा त्या तारा सैल सोडतो, आवाज दबलेला, मातीसारखा होतो. पुरून झालं की तारा ताणतो आणि घरी येईपर्यंत नाचाची लय वाजवतो. "आणि मढ्याच्या पेटीचे खांदेकरी आमच्याकडेही वाटेत बदलतात," ते म्हणाले. "मी लहानपणी कितीतरी वर्षं त्यांच्या पुढे चाललो. मागे वळून कधी पाहिलं नाही." त्यानंतर त्यांची बोटं गुडघ्यावर नव्हती. डावा हात उजव्या हातात घेऊन ते नीट झोपले.

सोमवारी त्यांनी सही केली नाही. मॅनेजरला कारण स्वतः सांगितलं आणि आपल्या जागी एका गोव्याच्या तरुणाचं नाव सुचवलं, ज्याची एरवी ते यथेच्छ टवाळी करत. बँड टिकला. माझंही काम टिकलं. हे मी आधी धरून चाललो असतो तर ती मान डोलवली नसती, आणि माणसाची परीक्षा नेमकी तिथंच असते, जिथं पुढचं ठाऊक नसतं. मी त्या परीक्षेत नापास झालो. तातोबा एका डोळ्याने पास झाले. दोन महिन्यांनी साहेब आगबोटीने गेले. शिकागोहून एक पत्र आलं, त्यात खाली विलबा अशी सही होती, वेडीवाकडी, देवनागरीत. ती त्यांनी कुणाकडून शिकून घेतली होती कोण जाणे.

पण मला विचाराल तर आमचा प्रवास संपला तो त्या रविवारी संध्याकाळीच, पुणे स्टेशनच्या पुलावर. मुंबईची गाडी पलीकडच्या फलाटावर लागली होती. साहेबांनी पेटीचा पट्टा मानेत अडकवला आणि चढायला लागले. मी मागून पायऱ्या मोजत होतो. चौदाव्या पायरीवर ते थांबले. लोक दोन्ही बाजूंनी धक्के देत चालले होते. मला वाटलं दम लागला असेल, पाणी आणू का, डॉक्टर बघू का, माझं नेहमीचं सगळं सुरू झालं. त्यांनी कातडी पट्टा मानेवरून काढला, वळले, आणि पेटी माझ्यापुढे धरली.

"खांदा," ते म्हणाले.

मी खाली शिरलो आणि पेटी घेतली. वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जड होती. उरलेल्या चौदा पायऱ्या चढून, पूल ओलांडून, पलीकडच्या अठ्ठावीस उतरेपर्यंत मी ती दोनदा उजवीकडून डावीकडे घेतली, पण खाली ठेवली नाही.